पाण्याची पाळी

ग्रानादातले माझे शेवटचे पाच-सहा आठवडे उरले होते, तेव्हा मी अब्बांकडे एक कागद मागितला. मागितला नसता तर बरं झालं असतं, असं अजूनही अधूनमधून वाटतं.

2023 चा जून होता. ग्रानादा हे स्पेनच्या दक्षिणेचं शहर. तिथल्या विद्यापीठात मी पुरातत्त्वाच्या मास्टर्सला होते. वर्ग संपले होते, प्रबंध तेवढा राहिला होता. खोली जुलैअखेरपर्यंत भाड्याची, बँकेत जेमतेम परतीपुरते पैसे. मैत्रिणी एकेक करून निघून चालल्या होत्या. कुणी जाताना तवा देऊन जाई, कुणी अर्धी तेलाची बाटली. दुपारी शहर दारं-खिडक्या ओढून झोपायचं. बाहेर चाळीस अंशांच्या आसपासचं ऊन. आमच्या नळदुर्गात एप्रिल-मेमध्ये हेच असतं, फक्त त्याला कुणी सिएस्ता म्हणत नाही.

मी नळदुर्गची. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं, तुळजापूर तालुक्यातलं गाव. पासपोर्टवर जिल्हा उस्मानाबाद. त्याच वर्षी फेब्रुवारीत शहराचं नाव धाराशिव झाल्याची बातमी मला तिथंच मोबाइलवर कळली; जिल्ह्याचं नाव सप्टेंबरात बदललं, तोवर मी परत आले होते. म्हणजे मी एका जिल्ह्यातून गेले आणि दुसऱ्यात राहायला लागले, असं आमचा धाकटा गमतीनं म्हणतो. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळा मराठी. स्पेनमध्ये कुणी विचारलं की तुझी भाषा कोणती, तर मी मराठी सांगायची. मग पुढचा प्रश्न ठरलेला: पण तू मुसलमान ना? हा प्रश्न पुण्यातही विचारतात, त्यामुळं उत्तराची सवय होती.

लोकांना वाटतं, परदेशी शिकायला गेली म्हणजे बापाकडे घबाड असणार. प्रत्यक्षात तिथल्या सरकारी विद्यापीठाची फी फार नाही. साठ क्रेडिटांच्या वर्षाचे आठशे-साडेआठशे युरो. खरा अडसर व्हिसाचा. वर्षभर राहण्याचा खर्च आपल्याकडे आहे हे दाखवावं लागतं. 2022 मध्ये तो महिन्याला सुमारे 580 युरोप्रमाणे धरत होते आणि युरो तेव्हा ऐंशी रुपयांच्या घरात होता. वर्षाचे साडेपाच लाख. अब्बांचं हायवेला पंक्चरचं दुकान आणि गावाबाहेर सव्वादोन एकर रान. मी पुण्यात पुरातत्त्व शिकताना सकाळच्या वर्गांना जाऊन स्पॅनिश शिकले होते, प्रवेशही मिळाला होता, पण साडेपाच लाख म्हटल्यावर मी तो विषय स्वतःच सोडला होता. महिनाभरानं अब्बा म्हणाले, माळाचा तुकडा गेला, पैसे आलेत. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला खडकाळ माळ आहे, कुसळंसुद्धा नीट उगवत नाहीत. त्याचे सहा लाख कोण देईल, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

फुफी तेव्हा महिनाभर आमच्याकडे आली नाही. लेकीला एवढं शिकवून कुठं देणार, हा तिचा प्रश्न. अम्मीनं तिला काही उत्तर दिलं नाही, माझ्या बॅगेत दोन किलो ज्वारीचं पीठ मात्र कोंबलं.

ग्रानादा म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर अलहम्ब्रा येतो. 1492 मध्ये तिथला शेवटचा सुलतान किल्ल्या देऊन गेला. अल्लामा इक्बाल 1933 मध्ये कुर्तब्याची मशीद पाहून आले आणि त्यांनी तिच्यावर कविता लिहिली, तेव्हापासून उर्दू जाणणाऱ्या घरांत अंदलूसचा एक हुंदका वारसाहक्कानं येतो. आमच्या मोहल्ल्यातले एक जाणते गृहस्थ मला निरोप द्यायला आले आणि कुर्तब्याच्या आठवणीनं रडले. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणीमहालात ते आयुष्यात एकदा गेले होते, तेही शाळेच्या सहलीबरोबर. मला हा हुंदका कधी नीट समजला नाही. राज्य गेलं याचं दुःख राजघराण्यानं करावं. आपण पाहायचं ते एवढंच, की त्या राज्यातल्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी कसं पोचत होतं आणि राज्य गेल्यावर ते बंद झालं का.

बंद झालं नाही, हे मी तिथं शिकले. ग्रानादाच्या मागं सिएर्रा नेवादाचे बर्फाचे डोंगर आहेत, त्यांच्या दक्षिण उतारावर आल्पुखारा नावाचा मुलूख. मुस्लिम राजवटीत तिथल्या लोकांनी डोंगराच्या अंगाला धरून मातीचे पाट काढले. वितळलेल्या बर्फाचं पाणी या पाटांनी आडवं फिरवायचं, काही ठिकाणी मुद्दाम मुरमाड जागी सोडून मुरवायचं आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी खालच्या गावात झऱ्याला फुटायचं. आपण ज्याला पाणी अडवा, पाणी जिरवा म्हणतो ते हेच. 1568 च्या बंडानंतर तिथल्या मोरिस्कोंना हाकललं, पुढं 1609 पासून साऱ्या स्पेनमधून. त्यांच्या जागी उत्तरेकडचे ख्रिस्ती शेतकरी आणून वसवले. प्रत्येक गावात दोन मुसलमान घरं मागं ठेवली, का तर नव्या लोकांना पाटाचं काम शिकवायला, अशी गोष्ट तिथं गावोगावी सांगतात. माणसं गेली आणि पाट राहिले. अलीकडं तेही सुटत चालले होते, कारण शेतीच सुटत चालली होती. कान्यार नावाच्या गावचा असा एक बुजलेला पाट 2014 मध्ये विद्यापीठातल्या लोकांनी गावकरी आणि स्वयंसेवक यांना घेऊन पुन्हा वाहता केला. तेव्हापासून दरवर्षी हे काम चालतं. मीही मार्चमध्ये फावडं घेऊन आठवडाभर गेले होते. हाताला फोड आले. बरोबरच्या पोरांना वाटलं, भारतातून आलेली शहरी मुलगी. मी त्यांना सांगितलं नाही की मी लहानपणापासून दारं धरलीत.

शब्दांचीच मोठी मौज होती. पाटाला तिथं आसेकिया म्हणतात. तो अरबीतला साकिया. आपल्या गझलांतला साकी त्याच धातूतला. पाजणारा तो साकी, पाजणारी ती साकिया. आणि पाण्याच्या पाळीला त्यांचा जुना शब्द आहे दुला. हा अरबी दौलावरून आला. दौला म्हणजे फिरणं, आळीपाळीनं येणं. आज तुझ्याकडे, उद्या त्याच्याकडे. त्याच शब्दाची आपल्याकडे दौलत झाली. अरबस्तानातून एक शब्द निघाला. पश्चिमेला गेला तो शेताच्या बांधावर राहिला, पूर्वेला आला तो तिजोरीत बसला. हे मी अब्बांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूप हसले होते. म्हणाले, हमारी तो बावड़ीच दौलत है बेटा.

हा फोन फेब्रुवारीतला. तेव्हा बावडी आमची राहिलेली नव्हती.

आमची विहीर सामाईक. निम्मी आमची, निम्मी शेजारच्या अण्णांची. आजोबांच्या आणि अण्णांच्या वडिलांच्या काळात खोदलेली. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. आधी मोट होती, मग इंजिन आलं, मग मोटर. पाळीवरून भांडणं झाली, बोलाचाली बंद झाल्या, पण पाळी चुकली नाही. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या वर्षी, विहिरीत गुडघाभर पाणी राहिलं. तेव्हा अण्णांच्या आणि आमच्या घरच्या बायकांनी पाळीचे दिवस सोडून घागरी ठरवून घेतल्या. मी अकरावीत होते. ते घागरींचं वाटप माझ्या वहीत मांडलेलं होतं. मला वाटतं, माझ्या प्रबंधाचा पहिला कच्चा खर्डा तोच.

प्रबंधात माझा एक मुद्दा असा होता, की पाणी जमिनीला बांधलेलं असतं की सुटं असतं. व्हालेन्सियाच्या मळ्यांत पाणी जमिनीला बांधलेलं. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जातो, एकटा विकता येत नाही. तिथलं पाण्याचं न्यायमंडळ दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथीड्रलच्या दाराशी बसतं, अजूनही. उलट एल्चे आणि लोर्का या गावांत पाणी जमिनीपासून सुटलं आणि त्याचे लिलाव होऊ लागले. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे पाणी. या तुलनेला जोड म्हणून मी आपल्याकडची उदाहरणं घेतली होती. धुळे-नाशिककडची फड पद्धत, तिचे पाटकरी, आणि नळदुर्गचं धरण. बोरी नदी किल्ल्यात घेऊन तिच्यावर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 च्या सुमाराला बांध घातला. बांधाच्या पोटात महाल, आणि नदी भरली की वरून नर-मादीचे धबधबे पडतात. आत बसलेल्या माणसावर थेंब येत नाही. वर्गात मी त्याची छायाचित्रं दाखवली तेव्हा अलहम्ब्राच्या गावचे लोक गप्प झाले होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे कबूल करते.

माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, राजाच्या धरणाबरोबर एखाद्या साध्या विहिरीची पाळी कागदावर दाखवता आली तर मुद्दा पक्का होईल. मी लगेच म्हटलं, आमच्याच विहिरीची आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत निम्म्या हिश्श्याची नोंद आहे, पेटीत जुनं खतही आहे.

अब्बांना फोन केला. म्हणाले, पुराने कागदाँ हैं, देखता. चार दिवसांनी पुन्हा विचारलं. पेटीची चावी सापडत नव्हती. मग दुकानात गर्दी होती. मग त्यांचा चष्मा फुटला. शेवटी मी धाकट्याला सांगितलं, पेटीतले विहिरीचे सगळे कागद फोटो काढून पाठव. तो बारावीचा पोरगा, त्यानं इमानानं सगळे पाठवले. त्यात 2022 च्या जुलैचं खरेदीखत होतं. माळाचं नव्हतं. विहिरीलगतचं तीस गुंठे बागायत, चतुःसीमेसह, आणि पुढं एका ओळीत: विहिरीतील पाण्याच्या निम्म्या हिश्श्यासह. घेणार अण्णा.

ग्रंथालयात होते. पडदे ओढलेले, पंखे चालू. मी ती ओळ वाचली आणि पहिला विचार आला तो अब्बांचा नव्हता. डिसेंबरात मी मैत्रिणींबरोबर चार दिवस बार्सिलोनाला गेले होते. एकशेनव्वद युरो लागले होते. मी मनात ते गुंठ्यांत मांडायला लागले. किती गुंठे, किती पाळ्या. मग राग आला. तो अब्बांचा आला, आणि तो येतोय याचीही लाज वाटली.

त्याच आठवड्यात बकरी ईद होती. ग्रानादात 28 जूनला, आपल्याकडे 29 ला. नमाज मी आल्बाइसिनमधल्या मशिदीत पढले. ही मशीद 2003 मध्ये झाली, म्हणजे मधली पाच शतकं सोडून. अंगणातून समोर अलहम्ब्रा दिसतो. मोरोक्कोच्या बायका होत्या, सेनेगलच्या होत्या, इस्लाम स्वीकारलेल्या स्पॅनिश बायका होत्या. एकीनं मला खजूर घातलेल्या वड्या दिल्या आणि गळ्यात पडली. मला रडू आलं, तिला वाटलं घराची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी घरी फोन केला. त्या वर्षी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. महाराष्ट्रात गावोगावी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं ठरवलं, आमच्या घरीही तसंच ठरलं होतं. अम्मीनं शीरखुर्मा केला होता, अण्णांच्या घरून साबुदाण्याची खिचडी आली होती. अब्बांनी विचारलं, पढाई हुई? मी म्हटलं, होतेय. पाऊस आला का? म्हणाले, नई. मृग कोरडा गेला. एवढंच बोलणं झालं. दोघंही कागदाबद्दल बोललो नाही, आणि दोघांनाही ठाऊक होतं. धाकट्यानं त्यांना सांगितलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रबंधाच्या शेवटच्या नोंदींसाठी कान्यारला गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पाळी मला प्रत्यक्ष पाहायची होती. ती रात्री दोनला होती. आपल्याकडे कृषिपंपाची थ्री-फेज लाईट रात्रीची आली की अब्बा बॅटरी घेऊन रानात जायचे, मी मागं जायची. हातात काठी, सापाची भीती. इथं लाईटचा संबंध नाही, पाणी उतारानं येतं, तरी पाळी रात्रीची. त्यानं दगड काढला, ओली पोती बाजूला केली आणि पाणी वाफ्यात वळलं. आवाज तोच. अंधारात डोळे मिटले तर आमचं रान. टोमॅटो आणि घेवडा होता, इतकाच फरक. भरून झाल्यावर त्यानं मला मिगास खायला दिलं. शिळ्या पावाचा कुस्करा लसूण-मिरचीवर परतलेला, म्हणजे आपली फोडणीची पोळीच. मुद्दाम त्यात डुकराचं काही घातलं नव्हतं.

मी त्याला खरेदीखताचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. तो म्हणाला, आमच्याकडे नुसतं पाणी कुणाला विकता येत नाही, जमिनीबरोबरच जातं. मी म्हटलं, आमचंही जमिनीबरोबरच गेलंय, पण उरलेली जमीन कोरडी पडली. त्यानं थोडा वेळ फावड्याची माती पुसली. मग म्हणाला, माझी तीन मुलं शहरात आहेत. पाळी माझी आहे, माझ्यानंतर रात्री दोनला उठणारं कुणी नाही. तुझ्या बापाला पाणी नाही, मला माणूस नाही. हे तो सांत्वन म्हणून बोलला नसावा. त्याला झोप येत होती.

पहाटे त्याच्या गच्चीवरून मी अब्बांना फोन लावला. आपल्याकडे नऊ-साडेनऊ झाले असतील, दुकान उघडायची वेळ. मी सरळ विचारलं.

"माळ विकला म्हणाला होतात."

"माळ कौन लेता बेटा? उसकू क्या भाव आता? पानीवाली जमीन का भाव आया."

"मेरेकू पूछे क्यों नई?"

"पूछता तो तू जाती थी क्या?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. हवेचा कंप्रेसर चालू झाल्याचा आवाज आला. मग तेच म्हणाले, अण्णाच ने लिया, दूसरे को नई दिया. देता पानी. मी म्हटलं, देतो ना, पण ती आता त्याची मेहरबानी आहे, आपला हक्क नाही. अब्बा गप्प राहिले. मग म्हणाले, तू लिख वो अपने किताब में. गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

मी लिहिलं. गावाचं नाव न घालता, धाराशिव जिल्ह्यातलं एक कुटुंब म्हणून. एक परिच्छेद, खरेदीखतातली ती ओळ, आणि पाळीचं कोष्टक 2022 पर्यंतचं. बाईंना तो भाग सगळ्यांत आवडला. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. त्यांच्यापैकी एकानं चष्मा वर करून विचारलं, दुष्काळी भागातलं हे कुटुंब जमिनीबरोबर पाणीही का विकतं? कर्ज होतं का? मी म्हटलं, नाही. मुलीच्या शिक्षणासाठी. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि पुढचा प्रश्न फड पद्धतीवर विचारला. माझा आवाज फड पद्धतीच्या उत्तरात कापला.

श्रेणी चांगली मिळाली. बाईंनी सुचवलं, थांब, शरद ऋतूत पीएचडीच्या शिष्यवृत्तीला अर्ज कर. मिळेलच असं नाही, पण कर. अब्बांचंही तेच: रह जा. मी राहिले नाही. याला त्याग वगैरे म्हणू नये. न मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची वाट पाहायला महिन्याला तीनशे युरो खोलीभाडं लागत होतं आणि युरो आता नव्वदला पोचला होता. घरमालकिणीनं अनामत परत केली, भिंतीवरच्या एका खिळ्याचे वीस युरो कापून. तवा मी नेपाळच्या एका मुलीला दिला. ज्वारीच्या पिठाची रिकामी पिशवी बॅगेत परत घेतली, अम्मी विचारते म्हणून.

घरी आले तेव्हा जुलैचा पाऊस पडून गेला होता आणि सोयाबीन हिरवंगार दिसत होतं. सगळे म्हणत होते, साल बरं जाणार. मग ऑगस्ट कोरडा गेला. 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. शेंगा धरायच्या वेळेला सोयाबीननं माना टाकल्या. अण्णा चार-सहा दिवसांनी फोन करायचे, आज रात्री मोटर लावतोय, दोन तास घे. फोन आला नाही तर अब्बा आपण होऊन करत नसत. बारा वाजेपर्यंत जागे राहायचे, बॅटरी उशाशी ठेवून.

एका रात्री फोन आला. आम्ही दोघं गेलो. विहिरीवर अण्णा स्वतः उभे होते. मला बघून म्हणाले, "तुझ्या बापाला मी म्हणलं होतं, विहिरीचं राहू दे, नुसतं रान दे. तर म्हणला, नुसत्या रानाचे पैसे पुरत न्हाईत." अब्बांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सरीत उतरले. मी दारं धरायला वाकले. पाणी आलं, कडेच्या भेगांत आधी नुसतंच गुडूप होत राहिलं, मग हळूहळू पुढं सरकायला लागलं.

"उधर का पानी कैसा रहता?" अब्बांनी अंधारातून विचारलं.

"थंडा. बरफ का."

त्यांनी हात बुडवून पाहिला. तिसऱ्या सरीत पाणी निम्म्यावर होतं तेव्हा लाईट गेली.